नाक उघडायची घाई

रात्रीचे तीन वाजलेत. घरात सगळे गाढ झोपलेत आणि मी दोन उशांना टेकून, तोंड उघडं टाकून, पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखा श्वास घेत बसलोय. सर्दीचा आज चौथा दिवस. उजवी नाकपुडी संध्याकाळीच बंद झाली होती, डावीने बारापर्यंत साथ दिली. आता दोन्ही दुकानांची शटरं खाली. झोप तर गेलीच आहे, तेव्हा म्हटलं चला, बऱ्याच दिवसांपासून मनात घोळत असलेला विषय लिहून टाकू. विषय अर्थातच नाक.

ह्या अवयवाला मराठीत केवढा मान आहे बघा. नाक वर असावं लागतं, ते कापलं जातं, त्याने कांदे सोलता येतात, नाकी नऊ येतात आणि नाकदुऱ्याही काढाव्या लागतात. पण ह्या घटकेला मला एकच म्हण शंभर टक्के पटते आहे. नाक दाबलं की तोंड उघडतं!

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना झोप येते आहे त्यांना जाता येईल. चोंदलेलं नाक घरच्या घरी 'उघडता' येत नाही. ते आपल्या वेळेला उघडतं. घरचे उपाय असतात ते तोवरचा वेळ सुसह्य करण्यासाठी. हे मान्य केलं तर घरातले बरेचसे उपाय गुणी आहेत. पण नाक आत्ताच्या आत्ता उघडलंच पाहिजे असा हट्ट धरला, की तेच उपाय अंगावर येतात. हे मी दोनदा शिकलोय. एकदा स्वतःच्या नाकावर आणि एकदा भाचीच्या. दुसरी गोष्ट आजवर कधी लिहिली नव्हती. धाकट्या बहिणीला आणि आईला विचारूनच आज लिहितोय.

तर, सुरुवात साताऱ्यापासून.

आमच्या साताऱ्याच्या घरी सर्दी झालेलं माणूस म्हणजे सार्वजनिक मालमत्ता. आजी असेपर्यंत सगळी सूत्रं तिच्याकडे. सहाणेवर सुंठ उगाळून कपाळाला लेप. तो वाळला की कपाळाची कातडी अशी काही ओढली जायची की नाकाचं दुःख विसरायला व्हायचं. तव्यावर ओवा भाजून मऊ फडक्यात पुरचुंडी बांधायची आणि ती हुंगत बसायचं. जेवताना कुळथाचं कढण, त्यावर लसणाची फोडणी. झोपताना हळद-दूध. आत्या आली असेल तर ती निखाऱ्यावर हळकुंड धरून त्याचा धूर नाकाशी आणायची. (आत्या, तू हे वाचणार आहेस हे मला माहीत आहे. धुराबद्दल पुढे लिहिलंय, रागावू नकोस.)

आणि ह्या सगळ्यांचा राजा म्हणजे वाफारा! मोठ्या पातेल्यात उकळतं पाणी, त्यात निलगिरीचे चार थेंब, डोक्यावरून सोलापुरी चादर, आत घाम आणि अंधार. चादरीच्या बाहेरून आजीचा हुकूम यायचा, "तोंड बंद कर, नाकानं ओढ!" आता नाकानं ओढता येत असतं तर मी चादरीत कशाला बसलो असतो? पण हे विचारायची प्राज्ञा नव्हती. बाहेर आलो की चेहरा लाल, केस ओले, आणि नाकाकडे पाहत आजी विचारायची, "उघडलं का?" मी हो म्हणायचो. खरंच जरा बरं वाटलेलं असायचं. पंधरा मिनिटांत परत सगळं जैसे थे.

पुष्कळ वर्षं माझी समजूत होती की नाक चोंदणं म्हणजे आत शेंबूड अडकणं. म्हणजे मोरी तुंबली की कसं, काहीतरी घालून ढोसायचं, की पाणी वाहू लागतं. म्हणून मी कान बंद होईपर्यंत नाक शिंकरायचो. मोरीचा हा दृष्टान्तच मुळात चुकीचा आहे. नाकाच्या आत दोन्ही बाजूंच्या भिंतींवर शिंपल्यासारखे वळलेले उंचवटे असतात. त्यांचं अस्तर स्पंजासारखं आणि रक्तवाहिन्यांनी भरलेलं. आत येणारी हवा गरम आणि ओलसर करणं हे त्यांचं काम. सर्दी झाली की ह्या वाहिन्या रक्ताने भरतात, अस्तर फुगतं आणि वाट अरुंद होते. शेंबूड असतो, नाही असं नाही, पण बऱ्याचदा रस्ता अडवलेला असतो तो सुजलेल्या भिंतींनीच. भिंत शिंकरून बाहेर कशी येणार? जोर लावला तर आतली घाण उलट सायनसच्या पोकळ्यांत आणि कानाकडे ढकलली जाते. म्हणून शिंकरायचं ते हळू, एका वेळी एकच नाकपुडी.

रात्रीच का चोंदतं, ह्याचंही उत्तर त्यातच आहे. आडवं झालं की डोक्याकडचं रक्त सहजी खाली उतरत नाही, स्पंज आणखी फुगतो. कुशीवर झोपलं तर खालच्या बाजूची नाकपुडी बंद होते, कूस बदलली की थोड्या वेळाने अदलाबदल. शिवाय निरोगी माणसाच्याही दोन्ही नाकपुड्या सारख्याच मोकळ्या नसतात. दर काही तासांनी एक जरा मिटते आणि दुसरी उघडते. रिचर्ड कायझर नावाच्या जर्मन डॉक्टरने १८९५ मध्ये ह्याचं वर्णन लिहून ठेवलं. आपल्याकडे योगाभ्यास करणाऱ्यांना हे फार आधीपासून माहीत होतं. चंद्रस्वर आणि सूर्यस्वर म्हणतात ते हेच, आणि शिवस्वरोदयासारखा ग्रंथ त्यावरच रचलेला आहे. एरवी ही अदलाबदल आपल्याला कळतही नाही. सर्दीत मात्र ज्या बाजूची पाळी मिटण्याची, ती बाजू पार बंदच होते आणि आपण म्हणतो, "आत्ता तर उघडी होती!"

हे सगळं मला कधी कळलं? चार वर्षं वाया घालवल्यावर.

२००४ ची गोष्ट. पुण्यात नवीन नोकरी, खोलीवर तिघे मित्र, आजी नाही, आई नाही, सहाण तर नाहीच नाही. सर्दी झाली. कोपऱ्यावरच्या केमिस्टने एक छोटी बाटली दिली. दोन्हीकडे दोन-दोन थेंब टाकले आणि काय सांगू, दोन मिनिटांत नाक असं मोकळं झालं की पार डोक्यापर्यंत वारा गेला! मला वाटलं, आजीने आपलं बालपण उगाच त्या चादरीखाली घालवलं.

त्या थेंबांत झायलोमेटाझोलिन असतं. रक्तवाहिन्या आवळून स्पंज पिळून काढणारं औषध. औषध वाईट नाही. तीन दिवस, फार तर पाच दिवस, डॉक्टर स्वतःच देतात. पण त्याचा असर उतरला की वाहिन्या परत फुगतात, आणि रोज वापरत राहिलं की आधीपेक्षा जास्त फुगतात. मग पुन्हा थेंब. म्हणजे चक्क सावकारी कर्ज. पहिल्या दिवशी सावकार देवमाणूस वाटतो, पुढे व्याज फेडायलाच नवीन कर्ज काढावं लागतं. सर्दी आठवड्यात गेली होती. बाटली चार वर्षं राहिली. एक ऑफिसच्या खणात, एक उशाखाली, एक बाइकच्या डिकीत. लग्नात अंतरपाट धरलेला असताना, भटजी मंगलाष्टकं म्हणत असताना, मी फेट्याचा शेमला पुढे ओढून त्याच्याआड दोन थेंब टाकून घेतलेत. सौ.ला वाटलं मी डोळे पुसतोय. बिचारी किती तरी दिवस सगळ्यांना कौतुकाने सांगत होती!

शेवटी २००८ मध्ये कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांनी आत डोकावून पाहिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "थेंब कधीपासून टाकताय?" चोर पकडला गेला. त्यांनी दुसरा एक फवारा लिहून दिला आणि थेंब सोडवायची युक्ती सांगितली. आधी एकाच नाकपुडीत बंद करायचे, ती सुधारली की दुसरीत. ते पहिले दहा दिवस मी जन्मात विसरणार नाही. एक नाकपुडी मिठाच्या पाण्यावर आणि आशेवर, दुसरी थेंबांवर. महिन्याभरात सुटलो. पण तेव्हापासून 'झटपट' हा शब्द ऐकला की मी दचकतो.

ह्यानंतर कोणालाही वाटेल की मी घरगुती उपायांचा कडवा भक्त झालो असेन. तसंही झालं नाही. कारण त्यांच्याबद्दल वाचायला लागलो तेव्हा आणखी एक मजा कळली. पुदिन्यातलं मेंथॉल हुंगलं की नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं ना? इंग्लंडशेजारच्या वेल्समध्ये, कार्डिफच्या विद्यापीठात, रॉन एकल्स नावाच्या प्राध्यापकांनी लोकांच्या नाकातून जाणारी हवा प्रत्यक्ष मोजली. मेंथॉलने हवा वाढत नाही. नुसतं वाढल्यासारखं वाटतं, कारण थंडावा ओळखणाऱ्या नसांना ते जागं करतं आणि मेंदू समजतो की गार वारा आत आला. ह्या थंडाव्याचा पत्ता लावणाऱ्यांपैकी डेव्हिड ज्यूलियस ह्यांना २०२१ चं नोबेलही मिळालं, उष्णता आणि स्पर्श ओळखण्याच्या संशोधनासाठी, आर्डेम पाटापुटियन ह्यांच्यासोबत. एकल्सनी २००८ मध्ये गरम पेयाचीही अशीच परीक्षा घेतली. सर्दीवाल्यांना फळांच्या रसाचं गरम पेय दिलं. नाकातली हवा काही वाढली नाही, पण नाक, घसा, शिंका, थकवा, सगळ्यांत लोकांना ताबडतोब बरं वाटलं आणि पुढेही वाटत राहिलं.

आमचा एक मित्र हे ऐकून विजयी मुद्रेने म्हणाला, "म्हणजे सगळा भासच की!" मला हे अजिबात पटत नाही. रात्री तीन वाजता बरं वाटणं ही भास म्हणून उडवून लावण्यासारखी गोष्ट नाही. सर्दी सात ते दहा दिवसांत आपली आपण जाणारच असते. प्रश्न एवढाच की ते दिवस कसे काढायचे. गवती चहा आणि आल्याच्या वासाने जर अर्धा तास डोळा लागत असेल, तर त्याने आपलं काम चोख केलं. फक्त त्याच्याकडून नाक उघडून मागू नये.

मागितलं की काय होतं, ते आता सांगतो.

डिसेंबर २०१९. बहीण माहेरपणाला साताऱ्याला आली होती, मीही सुट्टी काढून गेलो होतो. भाची आठ महिन्यांची. तिला सर्दी झाली. मोठं माणूस नाक बंद झालं तर तोंडाने श्वास घेतं, पण दूध पिताना बाळाला तो मार्गच नसतो. चिमी छातीशी लागायची, दोन घोट घ्यायची आणि गुदमरून, रडून बाजूला व्हायची. भूक तशीच. पुन्हा लागायची, पुन्हा रडायची. दोन रात्री घरात कोणी झोपलं नव्हतं. तिसऱ्या रात्री मी आईला म्हणालो, "आई, तुझी ती कापराची पुरचुंडी कर ना. अशी किती वेळ तळमळू द्यायची तिला?"

हे मी म्हणालो. आई नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण नंतर नातेवाइकांमध्ये जी गोष्ट फिरली तिच्यात सगळं आईच्या माथी आलं.

आईने भाजलेला ओवा आणि कापराच्या दोन वड्या मलमलीच्या फडक्यात बांधून दिल्या. मी ती पुरचुंडी दुपट्याला, चिमीच्या गळ्यापासून वीतभर अंतरावर, नाडीने अडकवली. पहाटे बहिणीचा डोळा लागला, आई चहा टाकायला उठली, आणि "मी आहे, तू जा" म्हणत मी भिंतीला टेकलो. किती वेळ पेंगलो कोणास ठाऊक. जागा झालो तर खोलीत शांतता. चिमी रडत नव्हती. पुरचुंडी तिच्या तोंडात होती, चिंब भिजलेली, गाठ सैल झालेली, आणि ती मजेत चावत होती.

बोट घालून जे निघालं ते काढलं. ओव्याचे दाणे आणि पांढरा चुरा. किती गेला, किती राहिला, कळायला मार्ग नाही. तिच्या तोंडाला देव्हाऱ्यासारखा वास येत होता. तो वास मला आजही आरतीच्या वेळी सहन होत नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, "उलटी करवली नाहीत ना?" नव्हती करवली, घाबरून सुचलंच नव्हतं, आणि तेच बरं झालं. कापूर पोटात गेला की फार लवकर रक्तात उतरतो आणि लहान मुलांना अचानक फिट येऊ शकते. उलटी होताना फिट आली तर ओकारी फुप्फुसात जायची. तान्ह्या मुलांच्या पोटात एक ग्रॅमच्या आतबाहेर कापूर जाऊन जिवावर बेतल्याची उदाहरणं वैद्यकीय पुस्तकांत आहेत, हे त्यांनी शांतपणे सांगितलं. आरतीची वडी केवढी असते ते तुम्हीच आठवून पाहा. कातडीतून आणि हुंगण्यातूनही तो बाळाच्या अंगात जातो, म्हणून दोन वर्षांखालच्या मुलांच्या आसपास कापूर किंवा कापूर असलेलं मलम आणूच नये, असंही म्हणाले. मग आम्ही सहा तास तिच्याकडे बघत बसलो. दुसरं काही करायचं नव्हतं. तिने जरा हात झटकला तरी माझ्या पोटात गोळा यायचा.

काही झालं नाही. दुपारी ती दूध प्यायली, झोपली, संध्याकाळी आम्ही घरी आलो. आज ती दुसरीत आहे आणि माझ्यापेक्षा मोठ्याने बोलते.

पण घरी एक गोष्ट झाली. आईने ओव्याची बरणी फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिली. सुंठ, वेखंड, जायफळ, सगळी सहाणेची मंडळी तिच्या मागोमाग गेली. दोन महिन्यांनी मला सर्दी झाली. एरवी फोनवर माझ्या 'हॅलो'वरूनच तिला कळायचं आणि पुढची दहा मिनिटं सूचना चालायच्या. त्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "डॉक्टरांना विचार बाबा. मला काय कळतं."

मला काय कळतं! सत्तरीच्या बाईने, जिने तीन पोरं आणि सात नातवंडं वाढवली, तिने हे म्हणावं? कापराच्या वड्यांबद्दल मला जेवढं वाईट वाटत नाही तेवढं ह्या वाक्याबद्दल वाटतं.

ह्या विषयावर आपल्याकडे दोन पक्ष आहेत. एक म्हणतो आजीबाईच्या बटव्यातलं सगळं सोनं, आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं. दुसरा म्हणतो सगळा अडाणीपणा, फेकून द्या. दोघांची चूक एकच आहे. दोघेही बटव्याला एक वस्तू समजतात. अहो, बटवा म्हणजे पिशवी. तिच्यात काय काय आहे ते बाहेर काढून बघायला नको?

आम्ही तेच केलं. पुढच्या सुट्टीत एका दुपारी मी बरण्या खाली काढल्या आणि आईला म्हटलं, चल, एकेक बघू. आधी ती गप्प होती. मग म्हणाली, "बाळाच्या नाकात तेल सोडणं मीच बंद केलं होतं. सासूबाई सोडायच्या. तुझ्या वेळी तू एकदा निळा पडलास, मग मी नाही सोडू दिलं." मी थक्क! नाकातलं तेल किंवा तूप बाळाच्या श्वासनलिकेत उतरलं तर फुप्फुसाला सूज येते, हे डॉक्टर आज सांगतात. आईने ते नुसतं बघून ओळखलं होतं आणि सासूशी भांडून थांबवलंही होतं. म्हणजे बटवा कधीच जसाच्या तसा हातात येत नसतो. प्रत्येक पिढीतली कोणीतरी बाई त्यातलं काहीतरी काढून टाकते. आम्ही आमच्या वाट्याचं काम केलं, इतकंच.

काढून टाकलं ते असं. लहान मुलांजवळ कापूर आणि निलगिरी, बाळाच्या नाकात तेल-तूप, बाळाला धुरी, वर्षाच्या आतल्या मुलाला मध. हळकुंडाचा धूरही गेला. सुजलेल्या अस्तराला धूर म्हणजे भाजलेल्यावर चटका. (सॉरी, आत्या.)

जपून ठेवलं ते वाफाऱ्याला. २०२१ च्या कोरोनाच्या लाटेत आपण सगळे दिवसातून तीनदा वाफ घेत होतो, आठवतंय? वाफेने सर्दी लवकर बरी होते असं आजवरच्या चाचण्यांतून काही ठामपणे दिसलेलं नाही. उकळत्या पाण्याचं पातेलं मांडीवर उलटून भाजलेली मुलं मात्र डॉक्टरांना वर्षानुवर्षं दिसत आली आहेत. तेव्हा वाफारा मोठ्यांनीच घ्यायचा, पातेलं मांडीवर किंवा गादीवर नाही, पक्क्या टेबलावर, आणि मुलं दुसऱ्या खोलीत. नाहीतर गरम पाण्याने अंघोळ केली तरी जवळपास तेच सुख मिळतं.

राहिलं ते सगळं छान आहे. कढण, गवती चहा, सुंठीचा लेप, मोठ्यांसाठी ओव्याची पुरचुंडी, एक जास्तीची उशी.

आणि एक नवीन भर पडली, मिठाचं पाणी. ह्याचं खातं आता आईकडे आहे. पाव लिटर पाणी चांगलं खळखळून उकळायचं, त्यात चहाचा अर्धा चमचा मीठ, सपाट, शीग लावून नाही. कोमट झालं की पिचकारीच्या बाटलीने किंवा नेतीच्या भांड्याने, वाकून, तोंडाने श्वास घेत, एका नाकपुडीतून घालायचं आणि दुसरीतून काढायचं. रोज नवीन करायचं, भांडं धुऊन वाळवायचं. पाणी उकळलेलंच हवं, नुसतं नळाचं नाही. नळाच्या पाण्यात क्वचित एक अमिबा असतो. तो प्यायल्याने काही होत नाही, पण नाकातून मेंदूत गेला तर माणूस सहसा वाचत नाही. अमेरिकेत लुइझियाना राज्यात २०११ मध्ये नळाच्या पाण्याने नेती करणारे दोघे जण असे गेले. बाळांसाठी आम्ही घरी काही करत नाही. औषधाच्या दुकानात तयार सलाइनचे थेंब मिळतात. दूध पाजायच्या आधी दोन-दोन थेंब, मिनिटभर थांबायचं, मग रबरी पंपाने हलकेच ओढून घ्यायचं. चिमीच्या वेळी आम्हाला हवं होतं ते एवढंच! वीस-पंचवीस मिनिटं नाक जरा सुटतं, तेवढ्यात पोटभर पिऊन होतं.

सर्दीच्या गोळ्यांबद्दलही दोन शब्द. नाक मोकळं करायला त्यांत फेनिलएफ्रिन घातलेलं असतं. पोटातून घेतलेलं हे औषध नाकावर काम करत नाही, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये एकमताने सांगितलं. आपल्याकडेही त्याच वर्षाच्या डिसेंबरात, हे औषध असलेलं सर्दीचं एक नेहमीचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असा आदेश निघाला. म्हणजे झटपट वाट तिथेही नाहीच.

वाट बघायची म्हणजे डोळे मिटून बसायचं, असं मात्र मी म्हणत नाही. तान्हं बाळ पीतच नसेल, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप असेल, तर तडक डॉक्टर. मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वास येत असेल तर आत बहुधा हरभरा किंवा मणी सापडतो. मोठ्यांचं नाक दहा दिवसांनंतरही तसंच असेल, किंवा बरं वाटून परत ताप आणि गालात ठणका सुरू झाला, तर तेव्हाही दाखवावं. थांबणं आणि दुर्लक्ष करणं ह्यांत फरक आहे. थांबणाऱ्या माणसाचं लक्ष असतं.

असो. चार वाजून गेले. आई हल्ली आमच्याकडे पुण्यालाच असते. मला वाटत होतं सगळे झोपलेत, पण आत्ता स्वयंपाकघरातला दिवा लागला. तवा ठेवल्याचा आवाज आला आणि मागोमाग... मला वास येत नाहीये, पण ओवाच असणार.

आली. पुरचुंडी हातात दिली आणि पलंगाच्या कडेला बसली.

"उघडलं का?"

"नाही."

"उघडेल," म्हणाली, आणि बसून राहिली.